उपरण्याखालचा भाव ते ऑन-रोड किंमत : वाहनखरेदीत आकडे लपविण्याचा इतिहास

१/ नागपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात खापरखेडा वसले आहे. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र ही या गावाची ओळख. केंद्रातील २१० मेगावॉटचे पहिले दोन संच १९८९ व १९९० मध्ये, पुढील दोन २००० व २००१ मध्ये, आणि ५०० मेगावॉटचा पाचवा संच २०११ मध्ये कार्यान्वित झाला. एकूण क्षमता १,३४० मेगावॉट. या तारखांचा मोटार वा दुचाकी विकत घेण्याशी काय संबंध, हे या धाग्यात पाहायचे आहे.

२/ संबंध आहे तो पगाराचा. वीज केंद्र आणि खाणी यांच्यामुळे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हाती येणारी कुटुंबे एका जागी वसली. कर्ज देणाऱ्याला याहून भरवशाचे गिऱ्हाईक नाही. पहिला संच सुरू झाला तेव्हा भारतात स्कूटरसाठी नाव नोंदवून वाट पाहण्याची रीत पुरती सरली नव्हती. पाचवा संच सुरू झाला तेव्हा पगाराची स्लिप दाखवताच गाडी दारात उभी राहत होती. रांगेपासून हप्त्यापर्यंतचे हे संक्रमण एका पिढीच्या नोकरीत पूर्ण झाले.

३/ मात्र विक्रेता आणि खरेदीदार यांच्यातील डावपेच त्याहून कितीतरी जुने आहेत. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करीत. एक बोट धरले की अमुक रक्कम, दोन धरली की तमुक. आजूबाजूला पन्नास माणसे उभी असली तरी खरा भाव दोघांनाच कळे. शेजारच्या माणसाची बैलजोडी कितीला गेली हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपल्याकडून जास्त घेतले की कमी, हे ताडण्याचा मार्गच उरत नसे.

४/ कायदाही विक्रेत्याच्या बाजूने झुकलेला होता. १९३० च्या वस्तू विक्री अधिनियमाचे कलम १६ मुळात ‘खरेदीदाराने सावध राहावे’ या जुन्या इंग्रजी तत्त्वावर उभे आहे. वस्तू कोणत्या कामासाठी हवी हे खरेदीदाराने सांगितले असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला असेल, अशा काही प्रसंगांतच विक्रेत्यावर जबाबदारी येते. एरवी पारख करायची ती घेणाऱ्याने. बैलाचे दात मोजता येतात. यंत्राचे आतडे आणि कर्जाचे व्याज मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

५/ मोटार आली आणि तिच्यासोबत उधारीही आली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ मध्ये गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. हेन्री फोर्डला उधारी नापसंत होती. त्याच्या कंपनीने १९२३ मध्ये साप्ताहिक बचतीची योजना आणली : दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि पूर्ण किंमत जमली की गाडी न्यायची. लोकांनी उधारीची वाट धरली, कारण तिथे गाडी आधी मिळत होती आणि पैसे नंतर द्यायचे होते. गाडीच्या नफ्याला कर्जाच्या नफ्याची जोड मिळाली ती याच काळात.

६/ याच अमेरिकेत पुढे एक महत्त्वाचा खटला घडला. जनरल मोटर्स ‘सहा टक्के योजना’ अशी जाहिरात करीत असे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने तिला आक्षेप घेतला. सहा टक्के आकारले जात होते मूळ रकमेवर, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत; ऋणको मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत होता. खरा वार्षिक दर जाहिरातीच्या जवळजवळ दुप्पट पडत होता. १९४० मध्ये अपील न्यायालयाने कमिशनचा आदेश कायम केला. आकडा खोटा नसतानाही जाहिरात फसवी ठरू शकते, हे या निकालाने दाखवून दिले.

७/ हेच गणित आजच्या रुपयांत मांडून पाहावे. १ लाख रुपये कर्ज, मुदत ३ वर्षे, दर ‘फ्लॅट १० टक्के’. व्याज झाले ३०,००० रुपये. एकूण १,३०,००० रुपये ३६ हप्त्यांत, म्हणजे दरमहा सुमारे ३,६११ रुपये. आता उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावणाऱ्या पद्धतीने हिशेब केला, तर हाच हप्ता जवळपास १८ टक्के दराला येतो. ‘दहा’ आणि ‘अठरा’ हे दोन्ही आकडे एकाच कर्जाचे. विक्रेता कोणता सांगेल, हे सांगण्याची गरज नाही.

८/ किमतीच्या बाबतीतही अमेरिकेने एक पाऊल टाकले. तेथे विक्रेते गाडीच्या किमतीत मन मानेल तसे खर्च मिसळत. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा झाला : प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याने सुचविलेली किंमत, जोडलेल्या सुविधांची किंमत आणि वाहतूक खर्च वेगवेगळा लिहिलेला कागद चिकटवणे सक्तीचे झाले. त्या कागदाला आजही मनरोनी यांचेच नाव आहे. उपरणे बाजूला सारून भाव उघड्यावर आणण्याचाच हा प्रकार होता.

९/ त्या काळात भारतात प्रश्न उलटा होता. येथे गाडी विकण्यासाठी कुणाला मनधरणी करावी लागत नव्हती. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) अधिनियमाखाली सरकारने १९५९ मध्ये मोटारींच्या आणि १९६० मध्ये स्कूटरींच्या वितरण व विक्रीवर नियंत्रण आदेश काढले. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ग्राहकाने ठेव ठेवून नाव नोंदवायचे आणि क्रमाने गाडी घ्यायची. काही वाटा सरकारी कोट्याचा. एका किल्लीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा हा मध्यमवर्गीय जीवनाचा भाग झाला.

१०/ या कथेचे केंद्र महाराष्ट्रात होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी आयात करून विकल्या. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे ती बजाज ऑटो झाली. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यानंतर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. आकुर्डीच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडत, पण मागणी त्याहून मोठी होती. सर्वांत बिकट काळात प्रतीक्षा दहा वर्षांच्या घरात गेली.

११/ टंचाईतही विक्रीचे डावपेच असतात, फक्त त्यांचे रूप वेगळे. ज्याचा क्रमांक आला त्याने गाडी घ्यायची आणि गरजवंताला वरकड पैसे घेऊन द्यायची. बाजारात याला ‘ऑन’ म्हणत. परदेशातील नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर स्कूटर लवकर मिळे, म्हणून असे नातेवाईक असणे हीदेखील एक मत्ता होती. कायदेशीर किंमत ठरलेली, खरी किंमत वेगळी. म्हणजे नियंत्रण असूनही भाव पुन्हा उपरण्याखालीच गेला.

१२/ सरकारने ठरविलेली किंमत तरी योग्य होती काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे नाव त्या खटल्याला आहे. मोटार किंमत चौकशी आयोगाने उत्पादनखर्च तपासला आणि १९७२ च्या अहवालग्रंथांत हा निकाल छापला गेला. एका मोटारीचा खर्च नेमका किती आणि नफा किती असावा, याची इतक्या बारकाईने झालेली जाहीर चर्चा भारतात विरळाच.

१३/ १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. या गाडीसाठी १०,००० रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. जुन्या भाषेत हा ‘इसार’. जमिनीच्या वा बैलाच्या व्यवहारात इसार दिला की सौदा पक्का होई आणि मोडला तर तो बुडे. आजही शोरूममध्ये बुकिंगची रक्कम घेण्याची घाई असते, ती याच मानसिकतेवर आधारलेली. पैसे अडकलेला माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही.

१४/ आता कर्जाच्या वंशावळीकडे. भाडे-खरेदी, म्हणजे हायर पर्चेस, ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये रुजली. १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एका पियानोच्या खटल्यात ठरविले की शेवटचा हप्ता देऊन वस्तू घेण्याचा पर्याय वापरेपर्यंत हप्ते भरणारा हा भाडेकरूच असतो. भारतात १९६६ च्या सुंदरम फायनान्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की करारावर नाव काहीही असो, व्यवहार खरा भाडे-खरेदीचा आहे की तारणावरच्या कर्जाचा, हे त्यातील अटी आणि परिस्थिती पाहून ठरवावे लागते.

१५/ हा फरक केवळ वकिलांचा नाही. भाडे-खरेदीत गाडीचा मालक वित्तसंस्था असते. कर्जात मालक ग्राहक असतो आणि गाडी तारण असते. हप्ता थकला की गाडी कोण, कशी उचलून नेऊ शकतो, हे त्यावर अवलंबून राहते. २०२० च्या मॅग्मा फिनकॉर्प निकालातही सर्वोच्च न्यायालयाने भाडे-खरेदीत सर्व हप्ते फिटेपर्यंत मालकी वित्तसंस्थेचीच असल्याचे म्हटले. कोळसा वा राख वाहण्यासाठी ट्रक घेणाऱ्यासाठी तर हा पोटाचा प्रश्न आहे. ट्रक गेला की कमाई जाते आणि कर्ज राहते.

१६/ ऋणकोला हिशेब मिळाला पाहिजे, ही कल्पना नागपूरला नवी नव्हती. नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना १९३३ मध्ये कर्ज तडजोड कायदा आणि १९३४ मध्ये सावकारी कायदा झाला. सावकाराने प्रत्येक ऋणकोचे खाते स्वतंत्र ठेवावे आणि दरवर्षी त्याला वाचता येईल असा हिशेब द्यावा, असे बंधन आले. खात्यात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला कळू न देणे हीच सावकाराची खरी ताकद आहे, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

१७/ वाहनांच्या बाबतीत अशीच तरतूद करणारा कायदा संसदेने १९७२ मध्ये संमत केला : भाडे-खरेदी अधिनियम. करार लेखी हवा. रोखीची किंमत, हप्त्यांतून पडणारी एकूण किंमत, हप्त्यांची संख्या व तारखा त्यात स्पष्ट हव्यात. किमतीचा ठरावीक मोठा हिस्सा फेडला गेल्यावर न्यायालयाच्या परवानगीवाचून वस्तू परत घेता येणार नाही. तरतुदी उत्तम होत्या. पण हा कायदा कधीच अंमलात आला नाही. तीन दशकांहून अधिक काळ तो कागदावरच राहिला आणि २००५ मध्ये रद्द झाला.

१८/ या मोकळ्या जागेत ग्राहक चळवळ उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना आली. त्यानंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात वस्तूंबरोबर बँकिंग, वित्तपुरवठा आणि विमा या सेवाही आल्या. गाडी, कर्ज आणि विमा या तिन्हींबद्दल एकाच दारात दाद मागण्याची सोय झाली.

१९/ १९९१ नंतर परवाना पद्धत ओसरली, कंपन्या वाढल्या आणि रांगा संपल्या. आता विक्रेत्याला ग्राहक शोधावा लागू लागला. त्याच दशकात खाजगी बँका आणि वित्तकंपन्या किरकोळ कर्जात उतरल्या. शोरूममध्ये कर्जाचे टेबल आले आणि सेल्समनचा पहिला प्रश्न बदलला. पूर्वी विचारले जाई, “नंबर कधी लावला?” आता विचारले जाते, “महिन्याला किती हप्ता जमेल, साहेब?” प्रश्न आपुलकीचा वाटतो. पण उत्तर देताच बोलणी किमतीवरून हप्त्यावर सरकतात, आणि हप्ता कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुदत वाढविणे.

२०/ त्याचे गणित असे. ८ लाख रुपये कर्ज, दर १० टक्के, उरलेल्या मुद्दलावर. ५ वर्षांसाठी हप्ता सुमारे १६,९९८ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २,१९,९०० रुपये. ७ वर्षांसाठी हप्ता सुमारे १३,२८१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ३,१५,६०० रुपये. दरमहा ३,७०० रुपयांची सवलत मिळाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात सुमारे ९५,७०० रुपये अधिक जातात. शिवाय शेवटच्या दोन वर्षांत गाडी जुनी झालेली असते आणि हप्ता तेवढाच राहतो.

२१/ अमेरिकन विक्रेत्यांत चार चौकटींचा एक कागद प्रसिद्ध आहे. एका चौकटीत जुन्या गाडीची किंमत, दुसरीत नव्या गाडीची, तिसरीत सुरुवातीला भरायची रक्कम, चौथीत मासिक हप्ता. ग्राहक एका चौकटीत सूट मागतो, विक्रेता ती देतो आणि दुसऱ्या चौकटीत भरून काढतो. आपल्याकडे कागद वेगळा असला तरी चौकटी याच आहेत : एक्स-शोरूम किंमत, एक्स्चेंज, कर्ज, विमा, ॲक्सेसरीज. चार सौदे एकात मिसळले की तोटा कुठे झाला हे शोधता येत नाही.

२२/ या मिसळीवर नियामकांनी एकेक करून प्रहार केला. विमा नियामक प्राधिकरणाने वाहनविक्रेत्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या विम्यासाठी १ नोव्हेंबर २०१७ पासून नियमावली लागू केली. शोरूममधलाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी ३ वर्षांचा आणि दुचाकीसाठी ५ वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक झाला. बंधन विम्याचे आहे, विशिष्ट कंपनीचे वा शोरूमचे नाही. हा भेद काउंटरवर बहुधा सांगितला जात नाही.

२३/ ‘शून्य टक्के व्याज’ या घोषणेबद्दल रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की असे काही अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने तरी घेतले जाते किंवा रोखीची सूट नाकारून वसूल होते. वाहनाला लावून पाहावे : रोखीने ८०,००० ला मिळणारी दुचाकी ‘शून्य टक्के’ योजनेत ८६,००० ला पडत असेल, तर ते ६,००० रुपये व्याजच होत. फक्त त्याचे नाव बदलले आहे.

२४/ १९४० च्या त्या अमेरिकन निकालाचे तत्त्व भारतात पूर्ण रूपात आले ते १ ऑक्टोबर २०२४ पासून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आता किरकोळ कर्जासोबत ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो आणि त्यात प्रक्रिया शुल्क, तसेच कर्जदाता इतरांच्या वतीने वसूल करतो तो विम्यासारखा खर्चही धरावा लागतो. विवरणात नसलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. विवरण ऋणकोला समजणाऱ्या भाषेत हवे. खापरखेड्याचा ग्राहक ते मराठीत मागू शकतो.

२५/ सवलतीचा इतिहासही उद्बोधक आहे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली. कंपनीच्या ‘वेस्ट-२’ विभागात, म्हणजे मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्रात, विक्रेत्यांना ठरलेल्या मर्यादेपलीकडे सूट देऊ दिली जात नाही, अशी तक्रार होती. ग्राहकाच्या वेषात माणसे पाठवून जास्त सूट देणारा विक्रेता पकडला जाई, असे आयोगाला आढळले. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. “साहेब, याहून कमी माझ्या हातात नाही” हे वाक्य कधी डाव असते आणि कधी खरेही असू शकते, हे या प्रकरणातून कळते.

२६/ वसुलीकडेही पाहिले पाहिजे. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दांडगाई करणारी माणसे पाठवून वाहन ताब्यात घेण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले आणि वसुली कायदेशीर मार्गानेच व्हावी असे सांगितले. दुसरी बाब कर्ज फिटल्यानंतरची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार कर्जाचा बोजा नोंदणी प्रमाणपत्रावर चढलेला असतो. तो आपोआप गेला असे समजू नये. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आरटीओत गेला आणि नोंद उतरली, याची खात्री करून घ्यावी. खापरखेड्याच्या गाड्यांसाठी ते कार्यालय नागपूर ग्रामीणचे, क्रमांक एमएच-४०.

२७/ या इतिहासातून हाती येणारी रीत साधी आहे. प्रथम फक्त गाडीची किंमत ठरवावी, तीही किमान दोन शोरूममधून लेखी आणि बाब-बाब वेगळी करून. जुन्या गाडीचा भाव बाहेर काढून ठेवावा. कर्जाची चौकशी शोरूमला जाण्यापूर्वी पगार जमा होतो त्या बँकेत आणि सभासद असल्यास नोकरांच्या पतसंस्थेत करावी. विम्याचे दर स्वतंत्र मागवावेत. तुलना हप्त्याची न करता एकूण देण्याची करावी. दसरा वा पाडव्याचा मुहूर्त गाडी घरी आणण्याचा असतो. सौदा त्याआधीच्या एखाद्या साध्या दिवशी करायला हरकत नसते.

२८/ आणि फसवणूक झालीच तर? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, खापरखेड्याच्या रहिवाशाला नागपूरच्या जिल्हा आयोगाचे दार उघडे आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. त्यासाठी लागतो तो कागद : दरपत्रक, पावती, कराराची प्रत, विवरण. तोंडी आश्वासनाला तेथे किंमत नाही.

२९/ गुरांच्या बाजारात उपरण्याखाली दोन हात असत आणि दोघांनाही बोटांची भाषा येत असे. शोरूमच्या टेबलावर मात्र ती भाषा बहुधा एकालाच येते. १९३४ चा सावकारी कायदा, १९४० चा निकाल, १९५८ चा काचेवरचा कागद, १९७२ चा न लागू झालेला अधिनियम आणि २०२४ चे विवरण, या सर्वांचा प्रयत्न एकच राहिला : आकडा उघड्यावर यावा आणि घेणाऱ्यालाही वाचता यावा. कायद्याने कागद हाती दिला आहे. सहीपूर्वी तो वाचण्यासाठी लागणारी पंधरा मिनिटे ज्याची त्याने काढायची आहेत.

(धागा समाप्त)